प्रापंचिकांचा प्रचार
शेजारचे धर्म : लेखांक सहावा

कॅथलिक चर्चची उतरंड मागच्या आठवड्यात पाहिली. पोप, कार्डिनल, बिशप, फादर. त्या उतरंडीत ज्यांना पायरीच नाही, त्यांच्याकडे आज वळू. संख्येने ते जवळजवळ सगळेच आहेत. नोकरी करणारे, संसार असणारे, सकाळी ठाण्याशेजारच्या कळव्याला लोकलच्या दारात लटकणारे. चर्चच्या मराठीत त्यांना प्रापंचिक म्हणतात. आपली श्रद्धा चारचौघांत मांडण्याचं काम फादरांचं, असा आपला सर्वसाधारण समज. चर्चची आजची शिकवण मात्र ते काम प्रापंचिकांवरही टाकते.

कळव्यातलं कॅथलिक कुटुंब बहुधा बाहेरून आलेलं असतं. कोणी वसईचं, कोणी गोव्याचं, कोणी मंगळूरचं, कोणी केरळ-तमिळनाडूतलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने, इस्पितळं, शाळा यांच्या मागोमाग ही माणसं खाडीच्या या बाजूला आली. चाळीत किंवा सोसायटीत त्यांचं घर एखादंच. अशा घराला भाषण देऊन धर्म सांगायची गरज पडत नाही, तो दिसतोच. डिसेंबरात गॅलरीत कागदी तारा लागतो. दिवाळीला आपण पाठवलेलं ताट नाताळात नेवऱ्या आणि कलकल घेऊन परत येतं. आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या एका बुधवारी शेजारच्या बाई कपाळावर राखेचा क्रूस घेऊन कामाला निघतात. नाताळच्या ताऱ्याबद्दल कुणी विचारत नाही, तो काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं. राखेबद्दल मात्र डब्यातली चौथ्या सीटवरची बाई विचारतेच, ‘कपाळाला काय लागलंय हो?’ मग उपवासकाळ म्हणजे काय, चाळीस दिवस का, राख कशाची, हे मुंब्रा यायच्या आत सांगावं लागतं. राख गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते, हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतो.

विचारल्यावर सांगणं, ही या भागातली जुनी रीत आहे असं मला वाटतं. ती का पडली, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

ठाण्यात ख्रिस्ती माणसं पोर्तुगीजांच्या आधीपासून होती. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू इथल्या बंदरात उतरले तेव्हा त्यांना आसरा दिला तो नेस्टोरियन पंथाच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरातले पाहुणे. साक्ष देता देता प्रश्न धर्माकडे वळला, वाद पेटला आणि ९ ते ११ एप्रिलच्या दरम्यान चौघेही मारले गेले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचं काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियुस. त्यांची प्रेतं जॉर्डन नावाच्या धर्मगुरूने सोपाऱ्याला पुरली आणि पुढे ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन गेला. चर्चच्या इतिहासात या चौघांची नावं राहिली. ज्या घराने त्यांना ठेवून घेतलं त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. प्रापंचिकांच्या वाट्याला इतिहासात एवढंच येतं.

दुसरा प्रसंग १७३७ चा. मराठ्यांनी ठाणे घेतलं, दोन वर्षांनी वसई घेतली, आणि पोर्तुगीज धर्मगुरू बहुतांशी निघून गेले. मागे राहिले ते शेतकरी, मीठकरी, मासेमारी करणारे लोक आणि मोजके देशी धर्मगुरू. धर्म चालता ठेवायचं काम त्यांच्यावर आलं. गावठाणातल्या क्रूसाशी जमून जपमाळ म्हणायची, लदीन (आळवणीची सामूहिक प्रार्थना) गायची, आणि ती चालवायची गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाने. ही पद्धत अजून टिकून आहे. साष्टी-वसईतल्या गावांत मे महिन्यात क्रूसाला फुलं चढतात, मेणबत्त्या लागतात, लदीन होते आणि शेवटी चणे वाटले जातात. चणे घ्यायला गल्लीतली सगळी पोरं येतात. त्यांत कॅथलिक किती, हे कुणी मोजत नाही.

कळव्याच्या इमारतीत क्रूस नाही, अंगण नाही. तिथे मरियेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते आणि ज्या घरी ती मुक्कामाला येते तिथे त्या संध्याकाळी जपमाळ होते. मुंबई धर्मप्रांताने १९८० च्या दशकापासून वीस-तीस घरांचे छोटे ख्रिस्ती समूह बांधायला घेतले. बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी पुष्कळ खपून काम केलं. या समूहाची बैठक कुणाच्या तरी हॉलमध्ये भरते. शुभवर्तमानाचा उतारा वाचायचा, गप्प बसायचं, प्रत्येकाने आपल्याला काय लागलं ते बोलायचं आणि उठण्याआधी परिसरासाठी एक काम ठरवायचं. सात पायऱ्यांची ही पद्धत मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को या संस्थेतली. ठरलेलं काम अगदी साधं असतं. आजाऱ्याला इस्पितळात सोबत, एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं रेशन, पाण्याच्या तक्रारीचा अर्ज.

प्रापंचिकांच्या अशा कामाला कागदोपत्री आधार मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्यावरचा तिचा हुकूमनामा १८ नोव्हेंबर १९६५ चा. श्रद्धा मांडण्याची जबाबदारी बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकावर आहे, फादरांनी दिलेली ती उसनी सवलत नव्हे, असं त्यात ठरलं. त्याच वर्षी ७ डिसेंबरला धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा आला. श्रद्धा मांडताना जबरदस्ती नको आणि गरीब किंवा अडाणी माणसाच्या बाबतीत अनुचित मन वळवणंही नको, असं त्यात स्पष्ट आहे. एकाच परिषदेची ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवूनच वाचायला हवीत. आपल्याकडे चर्चवर टीका करणारे पहिलंच वाचतात, आणि चर्चमधले काही उत्साही लोकही पहिलंच.

‘मदत करतात म्हणजे बाटवायलाच’ हा संशय आपल्याकडे खोल रुजलेला आहे. त्या संदर्भात प्रापंचिकांच्याच दोन संघटनांची कामाची विभागणी मला फार बोलकी वाटते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटना १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह काढली. ती गरिबाघरी जाते, धान्य देते, फी भरते, आणि धर्म विचारत नाही. लीजन ऑफ मेरी ही ७ सप्टेंबर १९२१ ला डब्लिनमध्ये सुरू झाली. तिचा संस्थापक फ्रँक डफ सरकारी नोकर होता, आधी व्हिन्सेंट डी पॉलचं कामही करत होता. लीजनचे सदस्य दोघा-दोघांनी घरोघर जातात, श्रद्धेबद्दल बोलतात, आजाऱ्यांना भेटतात. पण कुणालाही पैसा किंवा वस्तू द्यायची नाही, हा त्यांचा पक्का नियम आहे. ज्याच्या हातात पिशवी त्याने उपदेश करायचा नाही, आणि ज्याने बोलायचं त्याने रिकाम्या हाताने जायचं. आमिषाचा आरोप कायद्याच्या पुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी हा नियम केलेला आहे. प्रत्येक ठिकाणी तो तंतोतंत पाळला जातो असं मी म्हणणार नाही, पण नियम आहे हे माहीत असावं.

आणि समजा कुणी म्हणालंच, ‘मला तुमच्यात यायचंय’? मग उलट थांबावं लागतं. प्रौढांच्या दीक्षेचा विधी १९७२ मध्ये नव्याने घालून दिला गेला. त्यात दीक्षार्थीला टप्प्याटप्प्याने, बहुधा वर्षभर किंवा त्याहून जास्त, शिकावं लागतं, आणि बाप्तिस्मा सहसा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो.

राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. ‘प्रचार’ असावा की नसावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत चांगलीच खडाजंगी झाली आणि शब्द राहिला. पुढे १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातली. आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. म्हणजे लोकलमध्ये राखेबद्दल सांगणाऱ्या बाई कलम २५ च्या आत आहेत.

रोजच्या शेजारात खटका उडतो तो कायद्यावरून नव्हे, आवाजावरून. नाताळच्या आधी कॅरोल गाणारी तरुण मंडळी गिटार घेऊन जिने चढतात, कॅथलिक घरांत जातात, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारतात. काही इमारतींत त्यांना सगळ्याच मजल्यांवर बोलावलं जातं, काही ठिकाणी रात्री नऊनंतर नको असं सांगितलं जातं. गणपतीच्या दहा दिवसांत हाच सेक्रेटरी किती कडक असतो, हे ज्याने त्याने आपल्या सोसायटीत पाहावं.

पुढच्या आठवड्यात गावठाणांतला आगेरा. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपर्यंत कशा पोचतात, आणि शेतं बिल्डरांना गेल्यावर लोंब्या आणायच्या कुठून.