चढलेला आवाज

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली होती. मी चकलीचं पीठ मळत होते आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून मोबाइलवर गाणी ऐकत होती. आधी एका मुलीचा हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज आला. बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरीला गोड गाणी आवडायला लागली. आणि मग एकाएकी असा आवाज फुटला की पीठ हातातच राहिलं. वाघाची डरकाळी म्हणू, की रहाटाची करकर?

"अगं बंद कर ते! कोण हा माणूस? कशाला एवढा किंचाळतोय?"

ती हसायलाच लागली. "मावशी, माणूस नाही, बाई आहे ती. आणि मघाशी गोड गात होती ना, तीच ही."

(बाई माणूस नसते का, हा वाद आम्ही नंतर चकल्या तळताना घातला.)

त्या बाईचं नाव कोर्टनी लाप्लांट. तिच्या बँडचं नाव ‘स्पिरिटबॉक्स’. हा ‘स्पिरिट बॉक्स’ म्हणजे भुतांच्या शोधात फिरणाऱ्या हौशी मंडळींकडे असतं ते एक यंत्र. रेडिओची स्टेशनं ते भराभर बदलत राहतं आणि त्या खरखरीतून मेलेल्यांचे आवाज ऐकू येतात, अशी त्यांची समजूत. आपल्याकडे पूर्वी हौसेने प्लँचेट करायचे, त्यातलाच प्रकार. आवाज नेमका कुठून येतोय हेच कळत नाही, असं नाव या बाईच्या बँडला अगदी शोभून दिसतं.

भाचीकडून ऐकलं, मग मीही थोडं वाचलं, ऐकलं. संगीत पचायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू? पण त्या दोघांची गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून मनात घर करून बसली. दोघांची म्हणते, कारण हा बँड म्हणजे मुळात एका नवरा-बायकोचा संसार. ती गाते, तो, माइक स्ट्रिंगर, गिटार वाजवतो.

कोर्टनी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात गायची. हे शहर व्हँकुव्हर बेटावर आहे. मोठ्या गावाला जायचं तर मोटार बोटीवर चढवायची आणि दीड तास पाण्यातून जायचं. २०१२ साली तिला अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या बँडचं बोलावणं आलं. त्या बँडचं नाव ऐकून मला हसू आवरेना, ‘आय रेसल्ड अ बेअर वन्स’, म्हणजे ‘मी एकदा अस्वलाशी कुस्ती खेळलो’! त्यांची गायिका क्रिस्टा कॅमेरॉन गरोदर होती, त्यामुळे भर दौऱ्यातून तिला थांबावं लागलं. तिच्या जागी कोर्टनी उभी राहिली. एकीला बाळंतपणासाठी उतरावं लागलं, म्हणून दुसरीला चढायला मिळालं. नोकरी करणाऱ्या कितीजणींनी रजेच्या अर्जावर सही करताना हे मनातल्या मनात अनुभवलं असेल! या व्यवसायात तर रजेचा अर्जही नसतो.

दुसऱ्याच्या मांडलेल्या संसारात शिरणं सोपं नसतं. जुने चाहते आधीच्या गायिकेशी तुलना करणारच. कोर्टनीने त्या बँडबरोबर दोन अल्बम केले, २०१३ मध्ये आणि २०१५ मध्ये. माइकही याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुढे त्या बँडचा गाडा थांबला आणि ही दोघं व्हिक्टोरियाला परतली. वय तिशीच्या उंबरठ्यावर, हातात नाव असलेलं पण पैसा नसलेलं काम. अशा वेळी घरचे काय म्हणतात, ते मी सांगायला नको. झाली हौस, आता काहीतरी धड करा!

त्यांनी तसं धड केलंही. पोटापाण्यासाठी साधी कामं धरली. पण त्याचबरोबर स्वतःचा बँड काढला आणि २७ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिली ध्वनिफीत बाहेर आणली. ध्वनिफीत आपलं जुन्या सवयीने म्हटलं. तिला हल्ली ‘ईपी’ म्हणतात, पूर्ण अल्बमपेक्षा लहान, मोजक्या गाण्यांचा संच. तिचं नावही बँडचंच, ‘स्पिरिटबॉक्स’. पाठीशी कुठलीही संगीत कंपनी नव्हती. स्वतःच करायचं, स्वतःच खर्चायचं आणि स्वतःच जगापुढे ठेवायचं. इंग्रजीत याला ‘इंडिपेंडंट’ असा भारदस्त शब्द आहे. आपल्याकडे घरून मसाले-पापड विकणाऱ्या बाईला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दळण तिचं, कांडण तिचं, पुडीवरची चिठ्ठी तिची, आणि खपलं नाही तर तेही तिचंच.

आता हे संगीत असतं तरी कसं? त्याला ‘प्रोग्रेसिव्ह मेटलकोअर’ म्हणतात. मेटल म्हणजे गिटारचा दणदणीत, जड बाज. कोअर हा शब्द आला ‘हार्डकोअर पंक’ या संतापून, थोडक्यात आणि झपाट्याने गायच्या प्रकारातून. दोन्ही एकत्र झाले की मेटलकोअर. प्रोग्रेसिव्ह म्हणजे चाकोरी सोडून जाणारं. ते कुठे ओळखायचं? तर तालात. नेहमीच्या पाश्चात्त्य गाण्यात चार-चार ठोके सरळ पडत जातात आणि आपला पाय आपोआप हलतो. इथे मध्येच सात येतात, कुठे पाच येतात, आणि ठेका धरलेला पाय फसतो. भाचीने मला हे बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, सात म्हणजे आपला रूपक, आणि पाच-पाच म्हणजे झपताल! दहावीपर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्याचा असा कधीतरी उपयोग होतो. ती चकितच झाली. तेवढ्यापुरती माझी कॉलर ताठ.

आणि एक असतो ‘ब्रेकडाउन’. गाणं सुसाट पळत असताना एकदम वेग खाली येतो आणि एकेक ठोका घणासारखा पडतो. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा तडतडत असतो आणि अचानक तो थांबून सगळे ढोल एकदम बसतात, तेव्हा छातीत जे होतं ना, तेच. लाइव्ह कार्यक्रमात पोरं या क्षणाची वाट बघत असतात म्हणे.

ती पहिली ईपी मी तीनदा ऐकली. प्रामाणिक मत सांगते. ती निर्दोष नाही. गाणं जरा कुठे रंगतंय असं वाटतं, तोच वळण घेतं. जुन्या बँडची ती सगळंच उलटंपालटं करण्याची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही. सुरांना बसायला पाट दिला नाही, तर ते किती वेळ उभे राहणार? पण तिच्यात एक गोष्ट पक्की आहे. त्यातल्या एका गाण्याचं नाव आहे ‘द मारा’. उत्तर युरोपातल्या जुन्या लोककथांमध्ये मारा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणारी बया. इंग्रजीतल्या वाईट स्वप्नाच्या ‘नाइटमेअर’ या शब्दात शेवटी जी ‘मेअर’ आहे, ती हीच. आपणही म्हणतोच की, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, ओरडावंसं वाटत होतं पण आवाज फुटेना. इथे तो फुटतो. ‌हळू गाणं आणि किंचाळणं यांची इथे नुसती आलटून-पालटून मांडणी नाही. आधीच्या कुजबुजीतच पुढची डरकाळी दबा धरून बसलेली असते. कुणा जाणत्या सल्लागाराने बहुधा सांगितलं असतं, बाई, एक काहीतरी ठरव, गोड गा नाहीतर ओरड. तिने दोन्ही ठेवलं. कारण अडवायला कुणी नव्हतंच.

आता त्या ओरडण्याविषयी. मला वाटायचं, त्यात काय, घसा फाडायचा. तर तसं मुळीच नाही. आपल्या स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरतंतू असतात, बोलताना-गाताना तेच थरथरतात. त्यांच्या जरासं वर आणखी एक जोडी असते, ‘खोटे स्वरतंतू’ म्हणतात त्यांना. एरवी ते बोलण्यात फारसे भाग घेत नाहीत. पण भरलेला हंडा उचलताना आपल्या तोंडून जो जड हुंकार निघतो, त्या वेळी ते आवळले जातात. या गायकांच्या डरकाळीत अनेकदा हेच खोटे तंतू कामाला लावलेले असतात. खऱ्यांवर ताण येऊ द्यायचा नाही, श्वास पोटातून घ्यायचा, तो एकदम न सोडता बेताबेताने पुरवायचा, आणि आवाज खरं तर ऐकू येतो तितका मोठा काढायचाच नाही. उरलेलं काम माइक करतो. न्यूयॉर्कमधल्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने तर अशा गायकांना वर्षानुवर्षं शिकवलं आणि २००५ मध्ये त्याची शिकवणारी डीव्हीडीच काढली. म्हणजे ओरडायचाही रियाझ असतो!

हे न शिकता ओरडलं की काय होतं, ते आपल्या ओळखीच्या शाळेतल्या बाईंना विचारा. साठ मुलांच्या वर्गात दिवसभर आवाज चढवून संध्याकाळी त्यांचा घसा बसलेला असतो. घसा दुखतो तो रागावल्यामुळे नाही, चुकीच्या जागेतून रागावल्यामुळे. हे मला पन्नाशीत कळलं.

खरं सांगायचं तर आम्हाला आवाज चढवायला कुणी शिकवलंच नाही, उतरवायला मात्र सगळ्यांनी शिकवलं. माझी आई खालच्या आवाजात बोलायची आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे असले की नुसत्या डोळ्यांनी बोलायची. मी गाण्याच्या क्लासला जायचे, पण घरी रियाझ खिडकी लावून. शेजारी काय म्हणतील! गोड गायलेलं चालायचं, तेही हळदीकुंकवाला, दोन गाणी. मोठ्याने हसलं तरी आजीची मान वळायची. त्यामुळे पहिल्यांदा ती डरकाळी ऐकून मी "कोण हा माणूस" म्हटलं, त्यात आश्चर्य नाही. या क्षेत्रातही बाईच्या डरकाळीचं अप्रूप फार. अँजेला गोसो ही जर्मन गायिका साधारण २००० साली ‘आर्च एनिमी’ या स्वीडिश बँडमध्ये आली, तेव्हा आवाज ऐकून पुरुषच समजले होते पुष्कळजण. तिने २०१४ मध्ये गाणं थांबवलं, माइक दुसऱ्या बाईच्या हाती दिला आणि स्वतः त्याच बँडचा कारभार बघत राहिली. मला ही गोसोबाई भलतीच आवडली.

पहिली ईपी आली म्हणून कोर्टनी-माइकचं नशीब उजळलं, असं काही झालं नाही. कामं चालूच राहिली. पुढचा अल्बम एकदम काढायला पैसा नाही, म्हणून एकेक गाणं जमेल तसं प्रसिद्ध करत गेले आणि २०१९ मध्ये ती एकत्र केली. भिशी लावून एकेक भांडं घ्यावं तसं. मग जुलै २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ‘होली रोलर’ हे गाणं आलं आणि पसरलं. त्यानंतर तिने एका दमात, काटछाट न करता गायलेले व्हिडिओ आले. त्यात ती माइकसमोर उभी असते, कपाळावर आठी नाही, गळ्याच्या शिरा फुगलेल्या नाहीत, आणि तोंडातून तो आवाज. भाजीला फोडणी घालावी तितक्या सहज. ‘इटर्नल ब्लू’ हा पूर्ण अल्बम सप्टेंबर २०२१ मध्ये आला आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत थेट तेराव्या क्रमांकावर गेला. २०२४, २०२५ आणि २०२६, तिन्ही वर्षी मेटल विभागात ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

२०२५ च्या ग्रॅमी सोहळ्यातली गंमत मला भाचीने दाखवली. लाल गालिच्यावर कोर्टनी नटूनथटून उभी, आणि मुलाखत घेणाऱ्याने तिला पॉपी नावाच्या दुसऱ्याच गायिकेच्या नावाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पॉपीचंही त्याच विभागात नामांकन होतं. मेटलमधली बाई म्हणजे एकच असणार, असं त्याला वाटलं असावं! आठ वर्षं स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं नाव, आणि ऐन वेळी दुसरीचं लागलं. हिने काय करावं? त्याला न लाजवता, हसून, पॉपी बनूनच उत्तरं दिली. जिच्या आवाजाने भिंती हलतात ती बाई तिथे इतकी मऊ वागली, हे बघून मला राग यावा की कौतुक वाटावं, अजून ठरलेलं नाही. सप्टेंबरमध्ये मात्र कोर्टनी, पॉपी आणि ‘इव्हॅनेसन्स’ची एमी ली, तिघींनी मिळून एक गाणं काढलं. आता ओळखा म्हणावं, कोण कुठली!

भाची परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात दोघीच होतो. ती म्हणाली, "मावशी, करून बघ. पोटावर हात ठेव. गळा सैल सोड. हंडा उचलतेयस असं समज." मी आधी खिडकी लावायला उठले. तिने हात धरून बसवलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा जे काही निघालं, ते माझं होतं यावर माझाच विश्वास बसेना. डरकाळी नव्हे, पण मांजरही नव्हे. घसा अजिबात दुखला नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला, "काय गं, काय झालं? सगळं ठीक ना?"

"काही नाही हो काकू," मी म्हटलं, "चकलीचा तुकडा अडकला घशात."

भाची उशीत तोंड खुपसून हसत होती.