निळा : एका रंगशब्दाची वाटचाल

आपल्या विद्यालयाच्या प्रांगणात धम्मध्वज फडकतो, तेव्हा काठीलगतचा पहिला पट्टा निळा असतो. १८८५ साली कोलंबो येथे प्रथम उभारल्या गेलेल्या या ध्वजातील रंगांची पाली नावे नील, पीत, लोहित, ओदात आणि मंजेट्ठ अशी आहेत. बाबासाहेबांनी १९४२ साली स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वजही निळाच होता. इतक्या जिव्हाळ्याचा हा शब्द आपल्यापर्यंत कोठून आला, हे आपल्या मुलांना आणि पालकांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूळ शब्द ‘नील’. प्राचीन काळी मात्र त्याचा अर्थ आजच्याइतका बंदिस्त नव्हता. विनयपिटकातील एका नियमानुसार भिक्षूने नवे चीवर वापरण्यापूर्वी त्यावर लहानशी खूण करावयाची असते. ती नील रंगाची, चिखलाची किंवा काळपट रंगाची चालते. तेथे नील म्हणजे काय हे सांगताना दोन प्रकार दिले आहेत : कंसनील आणि पलासनील. पलास म्हणजे पान. अर्थात पानाचा हिरवा रंगही तेव्हा ‘नील’च होता. दुसरीकडे दीघनिकायात महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांमध्ये डोळे गडद नील आणि अंगावरील केस अंजनासारखे नील सांगितले आहेत. पानापासून काजळापर्यंतचा सारा गडद पट्टा या एकाच शब्दाने व्यापलेला होता. त्या व्याप्तीची खूण मराठीत अजून टिकून आहे. मार लागला की अंग ‘काळेनिळे’ पडते आणि रागाने माणूस ‘हिरवानिळा’ होतो.

याच शब्दावरून रंग देणाऱ्या वनस्पतीलाही नाव मिळाले. नीळ हे झुडुपाचे नाव, त्याच्या पानांपासून काढलेल्या रंगाचेही नाव, आणि वसतिगृहात रविवारी पांढऱ्या सदऱ्यांना आपण देतो त्या नीळीचेही. व्यापाराबरोबर शब्दही परदेशी गेला. अरबीत तो ‘अन्-नील’ झाला, पोर्तुगीजांत ‘अनिल’ झाला. एकोणिसाव्या शतकात नीळीपासून मिळालेल्या एका रसायनाला ‘अ‍ॅनिलिन’ हे नाव पडले, तेही यावरूनच. १८९७ पासून जर्मनीतील कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातील नीळ मागे पडली. शब्द मात्र राहिला.

रंगांची नावे बहुधा अशीच जन्मतात. माणूस डोळ्यांसमोरील वस्तूचा आधार घेतो. तांब्यावरून ‘तांबडा’ आला. सायबेरियात येनिसेई नदीच्या काठी बोलल्या जाणाऱ्या केट भाषेत तांबड्या रंगाचा शब्द रक्ताच्या शब्दापासून बनला आहे. आपल्याकडील ‘लोहित’ या शब्दालाही तांबडा आणि रक्त असे दोन्ही अर्थ आहेत. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकाच वस्तूकडे पाहून रंग ओळखला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता घरची गोष्ट. ‘नील’चा ‘निळा’ झाला तो एका नियमाने. दोन स्वरांमधील जुना ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो, फल–फळ, काल–काळ. आपल्या खानदेशातील अहिराणीने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले आणि ‘ळ’चा ‘य’ केला. म्हणून डोळा तेथे ‘डोया’ होतो आणि काळा ‘काया’ होतो. ही बोलणाऱ्याची चूक नव्हे. तो भाषेचा नियम आहे, आणि तो मराठीच्या नियमाइतकाच काटेकोर आहे. ‘काया’ अशुद्ध मानायचा, तर त्याच न्यायाने ‘निळा’ही ‘नील’चा अपभ्रंश म्हणून बाजूला ठेवावा लागेल.

हे येथे लिहिण्याचे कारण आहे. आपल्याकडे सातपुड्याच्या पाड्यांतून आणि तापीकाठच्या गावांतून मुले येतात. कोणाच्या घरी भिली, कोणाच्या घरी पावरी, मावची किंवा अहिराणी. पहिल्या इयत्तेत रंगांचा तक्ता दाखवला की मूल घरातला शब्द उच्चारते. आम्ही अनेक वर्षे त्या उत्तरावर लाल फुली मारली. काही मुले त्यानंतर वर्गात बोलेनाशी झाली, आणि आम्ही त्यांना अबोल म्हटले. प्रमाण मराठी शिकवणे हे आमचे कर्तव्य आहेच. पण त्यासाठी घरचा शब्द खोडण्याची गरज नव्हती. जन्मावरून कोणी हीन ठरत नाही, असे आपण प्रार्थनेनंतर मुलांना सांगतो. मग जन्मासोबत आलेला शब्द तरी हीन कसा?

आता तक्त्यावर प्रमाण शब्दाशेजारी मुलांच्या घरचे शब्दही लिहावेत, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना नम्र विनंती : आपल्या बोलीत आकाशाच्या, पानाच्या, मिरचीच्या, ज्वारीच्या रंगाला काय म्हणतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आम्हांला कळवावे. तो तक्ता आपल्या सर्वांच्या हातून पूर्ण व्हावा, हीच सदिच्छा.