चेन्नईच्या सभांतील मराठी

'सभा' हा शब्द उच्चारला म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, अध्यक्ष, ठराव आणि आभारप्रदर्शन उभे राहते. चेन्नईत मात्र हाच शब्द ऐकून माणसे गाणे ऐकायला निघतात. तेथे सभा म्हणजे गायन, वादन व नृत्य यांचे कार्यक्रम करणारी संस्था, आणि गाण्याची बैठक म्हणजे 'कच्चेरी'. सरकारी नोकरीतल्या बदलीने मी या शहरात आलो, तेव्हा एका सहकाऱ्याने शनिवारी दुपारी विचारले, "उद्या कच्चेरीला येणार का?" रविवारीही काम काढणाऱ्या या गृहस्थाच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल मला आदर वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका सभागृहात नेऊन बसविले, तेव्हा उलगडा झाला.

या सभांचा मोठा हंगाम म्हणजे मार्गळी. मार्गळी हा तामिळ लोकांचा सौर महिना. तो डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो. डिसेंबर १९२७ मध्ये मद्रासला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने एक अखिल भारतीय संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकॅडमी ही संस्था जन्माला आली. तिच्या वार्षिक परिषदेभोवती इतर सभांचे कार्यक्रम गोळा होत गेले, आणि आज या दिवसांत शहराच्या अनेक भागांत सकाळपासून रात्रीपर्यंत गाणे चालू असते. २०१७ मध्ये युनेस्कोने चेन्नईला संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मान्यता दिली.

या दिवसांत मी सभांच्या दारावरचे फलक वाचीत हिंडू लागलो, तेव्हा काही शब्दांपाशी माझी नजर थबकली. कुठे 'हरिकथा', कुठे 'नामसंकीर्तन', कुठे 'अभंग'. गाणारे तामिळ, ऐकणारे तामिळ. आणि अभंग मात्र तुकोबांचे, नामदेवांचे! ही आपली पुंजी इतक्या दूर कशी पोहोचली, आणि तिचे तेथील मराठी माणसाशी आज काय नाते आहे, हे दोन प्रश्न मला पडले.

चेन्नईतील मराठी समाज एकजिनसी नाही. त्याचे ढोबळमानाने तीन थर सांगता येतील. पहिला थर तंजावरकडून आलेल्या घराण्यांचा. यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तामिळ भूमीत गेल्या. घरात ते तामिळ वळणाची मराठी बोलतात आणि लिहितात बहुधा तामिळ. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांच्यापैकीच, त्यांचा जन्म कुंभकोणमचा. दुसरा थर सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून आलेल्या गलाई कारागिरांचा. जुने दागिने आटवून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या या धंद्याने ही माणसे भारतभर पसरली, आणि चेन्नईत सौकारपेठेच्या गल्ल्यांत त्यांचे बस्तान आहे. तिसरा थर आमच्यासारख्या नोकरदारांचा: केंद्र सरकार, रेल्वे, बँका, कारखाने आणि अलीकडे संगणकाच्या कंपन्या यांनी येथे आणून सोडलेल्यांचा.

हे तिन्ही थर वर्षातून काही दिवस एकत्र येतात. गणेशोत्सव, गुढीपाडवा, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू. एखादे हौशी नाटक, मुलांच्या नाट्यछटा. या कार्यक्रमांची मी थट्टा करणार नाही. दूरदेशी राहणाऱ्या माणसाला वर्षातून चार वेळा आपल्या भाषेत मनमोकळे हसता आले, तर ती लहान गोष्ट नव्हे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या कार्यक्रमाची बातमी फक्त आम्हांलाच असते. शेजारच्या रस्त्यावर एखादे तामिळ भागवतर मराठी अभंग गात असतात, त्याची वार्ता आमच्या मंडळीत पोहोचत नाही. आणि आमच्यात चांगले कीर्तन झाले, तर ते त्या भागवतरांना कळत नाही. एकाच घरच्या दोन शाखांमध्ये जाणेयेणे नसावे, तसा हा प्रकार आहे.

एकाच घरच्या शाखा असे मी म्हणतो, त्याला इतिहासाचा आधार आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिले आणि १८५५ साली ते इंग्रजांनी खालसा केले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकीर्दीत तेलुगूत तशीच मराठीतही नाटके रचली. विष्णुदास भाव्यांचे सीतास्वयंवर सांगलीस झाले ते १८४३ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या नाटकांचे मोल कळते. पुढे दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, नृत्यासाठी मराठी रचना केल्या, आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. राजाश्रय सरल्यावर गवई, नर्तक आणि नट हळूहळू मद्रासकडे वळले. आजच्या सभांतील पुष्कळसे वैभव तंजावरहून आलेले आहे, ते असे.

कीर्तनाची गोष्टही तशीच. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरास मठ केला होता; त्यामुळे कीर्तन तेथे जुनेच होते. पण १८६४ च्या सुमारास रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे हरिदास तंजावरास आले, चातुर्मासात राहिले, आणि त्यांची कीर्तने ऐकून तेथील रसिक भारावून गेले. ते ऐकणाऱ्यांत कृष्ण भागवतर हे तरुण गायक होते. त्यांनी मराठी कीर्तनाची घडण आत्मसात केली, तिच्यात कर्नाटक संगीत ओतले, कथा तामिळमध्ये सांगितली, आणि आज जिला हरिकथा म्हणतात ती कला आकारास आली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते त्यांनी नावानिशी ठेवली. आजही तामिळ हरिकथेत ती नावे कानी पडतात, आणि भागवतरांच्या हातातील चिपळ्यांना तेथे 'चिप्ला' म्हणतात.

म्हणजे कला टिकली, ती दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यामुळे टिकली. परंतु या देण्याघेण्याची दुसरी बाजूही आहे. कर्नाटक संगीतात बहात्तर मेळकर्ता राग आहेत. ते सर्व एका माळेत ओवणारी एक प्रचंड रागमालिका महावैद्यनाथ अय्यर यांच्या नावावर प्रसिद्ध आहे, एम. एस. सुब्बलक्ष्मींनी ती गायिल्याने दूरवर पोहोचली. तिचे शब्द संस्कृत आहेत. पण मूळ रचना मराठी होती! लावणी वेंकटराव या तंजावरच्या कवीने ती राजघराण्याचे जावई सखारामसाहेब यांच्या स्तुतिपर लिहिली आणि अय्यरांनी तिला चाल दिली. पुढे मनुष्यस्तुतीऐवजी देवस्तुती असावी म्हणून त्यांनी त्याच चालीवर शिवपर संस्कृत शब्द बसविले. सूर राहिले आणि मराठी शब्द गळून पडले. यात कोणाचा अपराध नव्हता. त्या शब्दांची वाण भासावी अशी माणसेच मैफलीत उरली नव्हती.

ही हकीकत मला आठवली, ती एका लहानशा प्रसंगाने. आमच्या शेजारी तंजावरी मराठी कुटुंब राहते. त्यांची चौदा-पंधरा वर्षांची नात कर्नाटक संगीत शिकते. एका सायंकाळी वही घेऊन ती आली व म्हणाली, "मामा, हा अभंग मला कच्चेरीच्या शेवटी म्हणायचा आहे. उच्चार बघता का?" अभंग तामिळ लिपीत लिहिलेला होता. तामिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. म्हणून बाईंनी अक्षरांच्या डोक्यावर बारीक एक, दोन, तीन, चार असे आकडे घालून दिले होते. 'ळ' तिने सहज म्हटला, कारण तो तामिळमध्येही आहे. पण आपल्या 'चांगला' या शब्दातला 'च' काही केल्या येईना. ती तो 'चहा'तल्यासारखा म्हणे. अर्धा तास आम्ही त्या एका 'च'शी झुंजलो. मग तिने विचारले, "आणि याचा अर्थ काय?" तिच्या आजोबांनी अर्थ सांगायला सुरुवात केली आणि एका ओळीवर तेही थांबले. ती ओळ मी उलगडून सांगितली. मुलगी गप्प राहिली. मग तिने ती ओळ पुन्हा म्हटली, पहिल्यापेक्षा पुष्कळ सावकाश.

त्या अर्ध्या तासाने माझ्या पहिल्या प्रश्नांचे उत्तर दिले. परक्यांनी आपली कला उचलली, म्हणून आपण केवळ अभिमान बाळगून स्वस्थ बसणे योग्य नाही. सुरांची काळजी चेन्नईच्या सभा घेतील; अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी अभंगाला कच्चेरीत मानाची जागा मिळवून दिली आहे. शब्द, उच्चार आणि अर्थ यांची राखण मात्र मराठी माणसानेच केली पाहिजे, आणि ते काम कठीण नाही. आमच्या मंडळांनी वर्षातून एकदा तरी तामिळ भागवतरांना आपल्या उत्सवात बोलवावे. प्रचारातील अभंग देवनागरीत व तामिळ लिपीत समोरासमोर छापून, खाली दोन्ही भाषांत अर्थ देऊन, ती पुस्तिका संगीत शिकणाऱ्या मुलांच्या हाती द्यावी. आणि कार्यक्रमाची पत्रके काढताना चार पत्रके शेजारच्या सभेच्या फलकासाठीही राखून ठेवावीत.

त्या मुलीची कच्चेरी पुढे एका छोट्या सभागृहात झाली. श्रोते पन्नासाच्या आत होते. शेवटी अभंग आला. 'च' चांगलाच होता. पण तो चुकला असता तरी माझी तक्रार नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध तामिळ बाईंनी मला हळूच विचारले, "या ओळीचा अर्थ काय हो?" मी सांगितला. त्यांनी तो आपल्या पलीकडच्या बाईंना सांगितला.