जर्मनीतील दुहेरी प्रसारणव्यवस्था : सार्वजनिक व व्यापारी दूरचित्रवाणीचा परस्परसंबंध

प्रस्तावना : दूरचित्रवाणी शासनाच्या हाती राहिल्यास ती प्रचाराचे साधन बनते आणि केवळ जाहिरातदारांच्या हाती गेल्यास प्रेक्षक हा ग्राहक होऊन बसतो. या दोन्ही धोक्यांवर जर्मनीने शोधलेला मार्ग 'दुहेरी प्रसारणव्यवस्था' या नावाने ओळखला जातो. या व्यवस्थेची जडणघडण व कार्यपद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नाझी राजवटीत नभोवाणी ही गोबेल्सच्या प्रचारमंत्रालयाच्या अधीन होती. त्या अनुभवामुळे युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत प्रसारण केंद्र सरकारपासून दूर ठेवण्यात आले. १९५० मध्ये प्रादेशिक प्रसारणसंस्थांनी एकत्र येऊन 'एआरडी' हा संघ स्थापन केला. पुढे चान्सलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या पुढाकाराने दूरचित्रवाणी कंपनी उभारण्याचा प्रयत्न केला. परंतु संघीय घटनात्मक न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९६१ रोजी तो घटनाबाह्य ठरविला. प्रसारण हा घटकराज्यांचा विषय असून ते शासनाच्या वर्चस्वापासून मुक्त असले पाहिजे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्यानंतर राज्यांनी आपसांतील कराराद्वारे 'झेडडीएफ' ही संस्था स्थापन केली. तिचे प्रसारण १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झाले.

व्यापारी वाहिन्यांचा उदय : जानेवारी १९८४ मध्ये लुडविगशाफेन येथील केबल प्रकल्पातून खाजगी प्रसारणास आरंभ झाला. पुढे 'झाट आइन्स' या नावाने परिचित झालेली वाहिनी तेथूनच उदयास आली, तर 'आरटीएल'ने लक्झेंबर्गमधून प्रसारण सुरू केले. १९८६ च्या निर्णयात न्यायालयाने या नव्या परिस्थितीला घटनात्मक चौकट दिली. माहिती, शिक्षण, संस्कृती व मनोरंजन यांची सर्वांसाठी मूलभूत सेवा सार्वजनिक संस्थांनी द्यावी. ती परिणामकारकपणे मिळत असेल तोवरच खाजगी वाहिन्यांकडून कार्यक्रमांच्या वैविध्याबाबत तितक्याच कठोर अपेक्षा ठेवल्या जाणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजेच व्यापारी वाहिन्यांना लाभलेली सवलत सार्वजनिक प्रसारणाच्या सक्षमतेवर अवलंबून आहे. या दोन्ही क्षेत्रांकडे केवळ प्रतिस्पर्धी म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

अर्थकारण व नियंत्रण : २०१३ पासून प्रत्येक घरामागे, संच असो वा नसो, प्रसारणशुल्क आकारले जाते. सार्वजनिक संस्था आपल्या गरजा मांडतात, स्वतंत्र आयोग त्यांची छाननी करतो आणि सर्व १६ राज्यांच्या संमतीने दर ठरतो. या वाहिन्यांवर रात्री आठनंतर, तसेच रविवारी व सार्वजनिक सुट्यांच्या दिवशी जाहिराती दाखविता येत नाहीत. खाजगी वाहिन्या मुख्यतः जाहिरातींवर चालतात. त्यांना राज्यांची माध्यम प्राधिकरणे परवाना देतात. त्यांच्याबाबतीत एकाच समूहाच्या हाती मतनिर्मितीची सत्ता एकवटू नये, याकडे लक्ष दिले जाते. २००६ मध्ये 'श्प्रिंगर' या वृत्तपत्रसमूहास 'प्रोझीबेन-झाट आइन्स' ताब्यात घेण्याची अनुमती याच कारणास्तव नाकारण्यात आली.

व्यवस्थेपुढील कसोटी : कायद्याने दिलेली स्वायत्तता व्यवहारात आपोआप टिकत नाही. झेडडीएफच्या मुख्य संपादकांची मुदत वाढविण्यास २००९ मध्ये संस्थेच्या प्रशासकीय मंडळातील राजकीय बहुमताने नकार दिला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या वादातून २०१४ मध्ये न्यायालयाने नियामक मंडळांतील शासन व शासनाशी निकट असलेल्या सदस्यांचे प्रमाण एक तृतीयांशापुरते मर्यादित केले. डिसेंबर २०२० मध्ये एकट्या झाक्सन-आनहाल्ट राज्याच्या असहकारामुळे मासिक १७.५० युरोंवरून १८.३६ युरोंपर्यंतची शुल्कवाढ अडली. २०२१ मध्ये न्यायालयाने ती तात्पुरती लागू केली. कारण आर्थिक कोंडी हेही नियंत्रणाचेच साधन ठरू शकते.

समारोप : प्रसारणाचे स्वातंत्र्य केवळ मालकीच्या स्वरूपावरून ठरत नाही. पैसा कोण देतो, दर कोण ठरवितो आणि संपादकाची नेमणूक कोण करतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ते सामावलेले असते. जर्मनीने ही तिन्ही सूत्रे एका हाती जाऊ दिली नाहीत, हेच या व्यवस्थेचे खरे वैशिष्ट्य म्हणता येईल.