डोळ्याचा पडदा आणि आपली प्रतिकारशक्ती

(हिंगोली येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



करोनाच्या काळापासून 'इम्युनिटी' हा शब्द घराघरात पोचला. काढा प्या, इम्युनिटी वाढवा. आपला जिल्हा तर हळदीचा. वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे ढीग बघितले की वाटतं, प्रतिकारशक्तीचं कोठारच आपल्याकडे आहे! आज मी थोडं उलटं सांगणार आहे. डोळ्याच्या पडद्याचे काही आजार असे आहेत की त्यात नजर जाते ती जंतूंमुळे कमी आणि आपल्याच प्रतिकारशक्तीच्या माऱ्यामुळे जास्त. तिथे ती वाढवून चालत नाही, आवरावी लागते. आणि वेळेत आवरावी लागते.

पडदा इतका नाजूक का?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ थर असतो, तो पडदा, म्हणजे रेटिना. जाडी साधारण पाव मिलिमीटर. उजेडाचं रूपांतर विजेच्या संदेशात करून तो मेंदूकडे पाठवतो. खरं तर तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. म्हणून त्याचा स्वभावही मेंदूसारखा: एकदा पेशी मेली की नवी येत नाही.

आता हाताला जखम झाली तर काय होतं? सूज येते, लाल होतं, पू होतो, पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात, सोबत आपल्याही काही पेशी मरतात. मग खपली धरते, व्रण राहतो. हाताला व्रण राहिला तर काही बिघडत नाही. पडद्याच्या मधोमध तसाच व्रण राहिला, तर समोरच्या माणसाचा चेहरा दिसणं बंद होतं. हळदीच्या गोदामाला आग लागली म्हणून बंबाने पाणी मारलं. आग विझली, पण सगळी हळद भिजली. तसा हा प्रकार.

म्हणून निसर्गाने डोळ्यात प्रतिकारशक्तीला लगाम घातलेला आहे. पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या पेशींना सहज आत शिरता येत नाही. त्यातून कोणी शिरलंच, तर डोळ्यातली काही द्रव्यं त्यांना शांत करतात. पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४८ साली सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्या सशाची कातडी अंगावर लावली तर शरीर ती नाकारतं, पण डोळ्याच्या आत ठेवलेला तुकडा बराच काळ टिकू शकतो, असं त्यांना दिसलं. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना पुढे १९६० साली नोबेल मिळालं.

हा लगाम तुटतो तेव्हा काय होतं, ते आता बघू.

मार एका डोळ्याला, नुकसान दोन्हींचं

आपल्याकडे शेतात डोळ्याला लागणं नवं नाही. तुरीचं खुंट, पऱ्हाटीची काडी, बाभळीचा काटा, विळा ठोकताना उडालेली लोखंडाची कपची. वस्तू डोळा भेदून आत गेली, तर त्या डोळ्याला धोका आहे हे कोणीही सांगेल. पण क्वचित असं होतं की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा, न लागलेला डोळाही सुजतो आणि अंधूक होतो.

कारण असं, की डोळ्याच्या आतली काही प्रथिनं प्रतिकारशक्तीला नीट ओळखीची नसतात. डोळा फुटला की ती बाहेर येतात. पांढऱ्या पेशींना वाटतं हे परके आहेत. त्यांच्याविरुद्ध फौज तयार होते, आणि तीच प्रथिनं दुसऱ्या डोळ्यातही असतात. फौज तिथेही पोचते.

ब्रेल लिपी तयार करणारे लुई ब्रेल यांचं उदाहरण याच आजाराचं मानलं जातं. १८१२ साली, तीन वर्षांचे असताना, वडिलांच्या कारखान्यात चामड्याला भोकं पाडायच्या आरीने त्यांचा एक डोळा फुटला. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. तेव्हा औषध नव्हतं. आज स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधं आहेत, दुसरा डोळा पुष्कळदा वाचवता येतो. अट एकच: रुग्ण लवकर आला पाहिजे.

तरुण मुलांच्या डोळ्यात रक्त

समजा, सेनगावकडचा पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. साखर नाही, बीपी नाही. एक दिवस डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागतात, मग धूर पसरल्यासारखं होतं. डोळा लाल नाही, दुखतही नाही. म्हणून घरचे म्हणतात, उन्हाने झालं असेल. बघा, पडद्याला वेदना कळत नाही. इथेच आपण फसतो.

हा 'ईल्स' आजार असू शकतो. बर्मिंगहॅमचे डॉक्टर हेन्री ईल्स यांनी १८८० साली त्याचं वर्णन केलं. आज युरोपात तो क्वचित दिसतो, भारतात बराच दिसतो, आणि तोही बहुतेक तरुण पुरुषांत. याचा संबंध क्षयाशी, म्हणजे टीबीशी जोडला जातो. जिवंत जंतू डोळ्यात धुमाकूळ घालतात असं बहुधा नसतं. टीबीच्या जंतूच्या प्रथिनांविरुद्ध शरीर जरुरीपेक्षा जास्त पेटून उठतं, आणि पडद्याच्या शिरा सुजतात.

पुढची साखळी लक्षात ठेवा. शिरा सुजली की बंद होते. रक्त पोचलं नाही की पडदा गुदमरतो आणि नव्या रक्तवाहिन्या मागवतो. घाईत तयार झालेल्या या वाहिन्या कच्च्या असतात. त्या फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं. पुढे जाळं आखडून पडदा ओढला जातो, सुटतो. सुरुवातीला आलात तर स्टिरॉइडने सूज आवरता येते, तपासणीत गरज दिसली तर टीबीची औषधं देतात, लेसरने कच्च्या वाहिन्या वाळवता येतात. उशीर झाला तर मोठी शस्त्रक्रिया.

साखर आणि म्हातारपण

मधुमेहातही पांढऱ्या पेशी पडद्याच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, वाहिन्या झिरपतात, पडद्याला सूज येते. म्हणून साखर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, दिसत असलं तरी.

उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यातही प्रतिकारशक्तीचा हात असल्याचं २००५ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. त्या यंत्रणेला आवर घालणारी दोन इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली. ती झीज मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत.

काही प्रश्न

*डॉक्टरसाहेब, मग हळदीचं दूध प्यायचं की नाही?*

प्या की! खाण्यात हळद चांगलीच. फक्त डोळ्यासमोर धागे आले तर दूध पिऊन महिनाभर वाट बघू नका. आणि डोळ्यात हळद, मध, एरंडेल काहीही घालू नका.

*स्टिरॉइडनेच बरं होतं, तर मेडिकलवरून थेंब आणून घातले तर?*

अजिबात नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. काडी लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल आणि त्यात स्टिरॉइडचा थेंब घातला, तर बुरशी फोफावते, डोळा जातो. आत जंतूंचा आजार असेल तरी तेच. शिवाय असे थेंब जास्त दिवस वापरले तर काचबिंदू, मोतीबिंदू होऊ शकतो. फौज कधी आवरायची, किती आवरायची, हे तपासल्याशिवाय ठरत नाही.

*टीबीच्या गोळ्यांनी नजर जाते म्हणतात. बंद कराव्यात का?*

त्यातली एथॅम्ब्युटॉल ही गोळी काही जणांत डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. अंधूक दिसलं, लाल-हिरव्या रंगातला फरक कळेना झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलतील. स्वतःहून कोर्स सोडायचा नाही.

*एका डोळ्याला लागलं, तर दुसऱ्यावर किती दिवस लक्ष ठेवायचं?*

बहुतेक वेळा त्रास पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, पण वर्षभर तर सावध राहाच. त्यानंतरही उजेड सहन होईना, अंधूक वाटलं तर दाखवा आणि जुनी जखम आवर्जून सांगा. दहा वर्षांपूर्वीची असली तरी सांगा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची कमी दुसरा भरून काढतो, म्हणून आठवड्यातून एकदा एक-एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. त्याला पैसा लागत नाही. फरक वाटला तर वाट न बघता हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात नेत्र विभागात दाखवा. पडद्याच्या तज्ज्ञाकडे कधी आणि कुठे जायचं, ते तिथून कळेल.