तुरीची मर आणि जमिनीतील बुरशी

तुरीचे पीक फुलोऱ्यावर आले असता शेतात येथे एक, तेथे दोन अशी झाडे माना टाकू लागतात. जमिनीत ओल असते, शेजारची झाडे टवटवीत असतात. तरीही ही झाडे उभ्या उभ्या वाळून जातात. पाणी कमी पडले असावे अशा समजुतीने पुष्कळ शेतकरी बंधू अशा वेळी पाट सोडतात. त्याने झाड तर वाचत नाहीच, उलट वाहत्या पाण्याबरोबर रोगट माती पुढच्या सरीत जाते. म्हणून प्रथम असे एक झाड उपटावे व त्याचे खोड उभे चिरून पाहावे. सालीखालच्या लाकडात तपकिरी-काळ्या रेषा आढळल्या, अथवा बुंध्याकडून वर चढत गेलेला जांभळट पट्टा खोडावर दिसला, तर ती मर समजावी. फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे हा रोग होतो. ई. जे. बटलर या कवकशास्त्रज्ञाने १९०६ साली बिहारातील तुरीवर या रोगाची नोंद केली होती.

बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे. तिच्या ठिकाणी हरितद्रव्य नसल्यामुळे तिला सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक तंतूंचे जाळे होय. हे तंतू पाचक रस बाहेर सोडतात आणि विरघळलेला अंश शोषून घेतात. आपण आधी खातो व मग पचवितो. बुरशी आधी पचविते व मग खाते. शिळ्या भाकरीवरचा हिरवट थर आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी छत्री ही दोन्ही याच कुळातली.

खाण्याच्या या रीतीमुळेच शेतीचा गाडा चालतो. काडीकचऱ्यातील लाकडासारखा चिवट भाग फोडण्याचे काम मुख्यतः बुरशीच करते. ती नसती तर उकिरड्याचे खत झालेच नसते. काही बुरशी पिकांच्या मुळांशी सख्य करून राहतात, दूरवरचा स्फुरद त्यांना आणून देतात व बदल्यात साखर घेतात. पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला तो ज्या पेनिसिलीनसाठी, तेही एका बुरशीचेच देणे. तेव्हा बुरशी म्हटली की ती मारावयाचीच, हा समज योग्य नव्हे.

मरीच्या बुरशीचा मुक्काम मात्र शेतात राहिलेल्या तुरीच्या धसकटांत व मुळांत असतो. तेथे ती काही वर्षे तग धरते. नवी तूर पेरली की कोवळ्या मुळांतून आत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते व त्या तुंबवून टाकते. अशा वेळी पानांवर बुरशीनाशक फवारण्याचा सल्ला कोणी देतो. औषध खाली मुळांपर्यंत उतरत नसल्याने हा खर्च माझ्या मते व्यर्थ होय. त्यापेक्षा रोगट झाडे धसकटांसह उपटून जाळावीत आणि त्या शेतात पुन्हा लगेच तूर घेऊ नये. ज्वारीशी फेरपालट केल्याने, किंवा ज्वारीत तूर मिसळून पेरल्याने, मर कमी होते असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या वाडवडिलांनी तुरीच्या जोडीला ज्वारी ठेवली, ती केवळ भाकरीसाठी नव्हे असे म्हणावयास हरकत नाही. जेथे मर दरवर्षी येते तेथे बी. एस. एम. आर. ७३६ यासारखा मर व वांझ रोगास दाद न देणारा वाण निवडावा.

या शत्रूवर दुसरी बुरशीच सोडता येते. ट्रायकोडर्मा ही जमिनीत राहणारी बुरशी फ्युजेरियमच्या तंतूंना विळखा घालून त्यांवर जगते, शिवाय मुळांभोवतीची जागा आधीच अडवून ठेवते. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास १० ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी पाण्याच्या हलक्या शिडकाव्याने चोळावी व बी सावलीत सुकवावे. हेक्टरी अडीच किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून पेरणीच्या वेळी मातीत द्यावी. ही भुकटी सजीव असल्याने ती उन्हात ठेवू नये, रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नये व मुदत उलटलेली पुडी घेऊ नये. उभे झाड माना टाकू लागल्यावर दिलेला ट्रायकोडर्मा त्या झाडास वाचवीत नाही. त्याची तजवीज मृगापूर्वीच करून ठेवावी.