खाणीची तेजी आणि तीन घरे

खनिजाला भाव आला की सगळा गाव सुधारतो, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मी गोव्याच्या खाणपट्ट्यात वाढलो. आज एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि माझी फी खाणीच्याच पैशातून भरली गेली, हे आधीच कबूल केले पाहिजे. तेजीत पैसा येतो हे खरे. पण तो कोणाच्या घरी येतो आणि कोणाच्या घरी टिकतो, हे तपासल्याशिवाय सुधारणेची भाषा बोलण्यात अर्थ नाही.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा गोव्याचा लोहखनिजाचा प्रदेश. पोर्तुगीज राजवटीत येथील खाणींचे हक्क थोड्या घराण्यांना व कंपन्यांना मिळाले. १९६१ मध्ये राजवट गेली, हक्क राहिले. १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. २००३ नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढत गेली आणि पूर्वी ज्याला कोणी विचारत नव्हते ते हलक्या प्रतीचे खनिजही जहाजात चढू लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. या तेजीकडे मी तीन घरांच्या दारांतून पाहतो.

पहिले घर पट्टेदाराचे. भाव चढला, पण खनिज काढण्याचा खर्च त्या प्रमाणात चढला नाही. मधला जो फरक उरतो, त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. खंड हा श्रमाचा मोबदला नव्हे, तो मालकीचा मोबदला होय. यात जनतेचा वाटा किती? ऑगस्ट २००९ पर्यंत रॉयल्टी टनामागे ठरावीक रुपयांत होती, आणि ती तीस रुपयांच्या आतच. भाव कितीही वाढो, सरकारचे रुपये तेवढेच. त्यानंतर ती विक्रीमूल्याच्या १० टक्के झाली आणि २०१४ मध्ये १५ टक्के. म्हणजे तेजीच्या पहिल्या वर्षांतला वाढीव पैसा जवळजवळ सगळा पहिल्याच घरात गेला.

दुसरे घर ट्रकमालकाचे. खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज ट्रकने जाते, तेथून बार्जने मुरगाव बंदराकडे. गावातल्या अनेकांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. १९७६ च्या दुरुस्तीने ज्या कुळांच्या नावावर शेत झाले होते, त्यांच्यापाशी कागद होता. कागद होता म्हणून कर्ज मिळाले. या घरांची परिस्थिती खरोखर पालटली, हे नाकारण्याचे कारण नाही.

तिसरे घर आमचे. आमचा समाज बांबूच्या टोपल्या विणणारा. आजी सांगे, पूर्वी खाणीवर बाया डोक्यावरून खनिज वाहत, आणि त्या टोपल्या आमच्या अंगणात विणल्या जात. यंत्रे आली तशी टोपली गेली. आमचे घर भाटकाराच्या जमिनीत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने आम्हांला कोणी उठवू शकत नव्हते, पण संरक्षण म्हणजे मालकी नव्हे. वडील ट्रकच्या कर्जासाठी गेले तेव्हा बँकेने जमिनीचा कागद आणि जामीन मागितला. दोन्ही नव्हते. वडील दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. पैसे खेपेवर. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून पहाटेच घर सोडायचे आणि जेवणही स्टिअरिंगवरच व्हायचे.

घरात नगद पैसा आला. पण त्याच काळात दुसरी मिळकत आटत होती. आई लावणी-कापणीच्या मजुरीला जाई. पावसात टाकाऊ मातीच्या ढिगांचा गाळ वाहून शेतांत बसला, शेते पडीक झाली आणि तिची मजुरी थांबली. विहिरीचे पाणी खाली गेले. वडिलांच्या खेपा हिशेबात येतात. आईची बुडालेली मजुरी आणि विकत घ्यावे लागलेले पाणी उत्पन्नातून कोण वजा करतो?

सरासरीचा खेळ येथेच असतो. समजा, गावात दहा घरे आहेत. एकाचे उत्पन्न ९१ हजारांनी वाढले आणि नऊ घरांचे एकेक हजाराने. सरासरी वाढ १० हजार! आकडा खोटा नाही. पण त्या गावात १० हजारांनी वाढलेले घर एकही नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. बेकायदा उत्खनन झाले होते, ते थांबणे रास्तच होते. पण मंदीही तिन्ही घरी सारखी आली नाही. पहिल्या घरापाशी साठवण होती. दुसऱ्यापाशी कर्जाचे हप्ते होते, त्यांच्यासाठी सरकारने मदतीच्या योजना काढल्या. वडिलांच्या नावावर ट्रकच नव्हता. ते घरी बसले, आणि परतायला शेतमजुरीही उरली नव्हती.

मग उपाय काय? खनिज एकदाच विकता येते. ते खर्च करायचे उत्पन्न नसून वारसा आहे, आणि वारशात सर्वांचा वाटा असतो. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या १० टक्के रकमेचा कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी उभारण्यास सांगितले. अमेरिकेतील अलास्का राज्य १९८२ पासून तेलाच्या निधीतून प्रत्येक रहिवाशाला, अगदी लहान मुलालाही, सारखा लाभांश देते. तीच रक्कम श्रीमंताच्या घरी किरकोळ ठरते, गरिबाच्या घरी वर्षाचा आधार होते. त्यासाठी ना जमिनीचा कागद लागतो, ना जामीन. आपल्याला हा विचार परका नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे मांडले, ते याच कारणासाठी. मालकी जेथे असते तेथेच तेजी मुक्कामाला राहते.

२०२२ च्या अखेरीस पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा चालू झाली. रोजगार येणार म्हणून आमचे लोक आनंदात आहेत, आणि त्यांना मी दोष देत नाही. वडिलांच्या खेपांवर मी शिकलो. पण आता ग्रामसभेत ‘किती नोकऱ्या?’ एवढेच विचारून भागणार नाही. नोकरी खाण चालेपर्यंत असते. खनिजाच्या किमतीत आमच्या आईचा वाटा किती आणि तो कोणत्या वहीत लिहिला आहे, हेही विचारले पाहिजे.